बरी म्हणजे किती बरी

चिरंजीव धाकट्यास,

मी तुझी थोरली बहीण. ओळख आधीच सांगून टाकलेली बरी, कारण मागच्या पत्राचं उत्तर तू 'माननीय महोदया' असं सुरू केलं होतंस आणि खाली विजेच्या मीटरचा क्रमांक घातला होतास. (म्हणजे तिकडे वीज कचेरीत 'ताई, गुडघे कसे आहेत?' असं पत्र पोचलं असणार. त्यांचे गुडघे कसे आहेत?) तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालते. बिघडली असती तर तेवढं कळवायला तू विसरला नसतास. माझे गुडघे जिथे होते तिथेच आहेत, फक्त आता आवाज करून सांगतात.

पत्र नात लिहून घेते आहे. फोन का नाही करत, असं तिनेही विचारलं. तुला फोनवर ऐकू येत नाही, आलं तर पटत नाही, आणि पटलं तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. कागद असला म्हणजे निदान चष्म्याखाली सापडतो.

तर विषय नातीच्या परदेशी शिकायला जाण्याचा. जमिनीखाली पाणी कुठे मुरतं, ते तिला आणखी पुढे शिकायचं आहे. ही खोड तूच लावलीस, निवृत्त व्हायच्या आधीची चार वर्षं तिला कॉलेजात शिकवून. (पाणी कुठे मुरतंय हे मला विचारलं असतं, तर याच गल्लीतली चार घरं दाखवली असती. विमानाची गरज नव्हती.) अर्ज म्हणजे मला वाटलं एक कागद असेल, भरायचा आणि द्यायचा. सहा महिने झाले, घरात दुसरा विषय नाही. आधी म्हणे यंत्राशी बोलायची परीक्षा. कानाला डबडी लावून पोरगी बसली, आणि यंत्राने सांगितलं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला. हिने मला निवडलं. एकाहत्तर वर्षं खपून मी जे काही केलं ते चाळीस सेकंदांत संपलं, आणि उरलेला वेळ हिने आमच्या खिडकीचं वर्णन केलं. (ती म्हणते, चाळीस नाही, बावन्न सेकंद. आणि खिडकी नाही, पंखा.) त्यानंतर निबंध. तुम्हाला इथे का यायचं आहे ते पाचशे शब्दांत लिहा. तो अकरा वेळा लिहून झाला. मी म्हटलं, 'शिकायला' असं लिही, एका शब्दात काम होतं, उरलेल्या चारशे नव्याण्णवांत त्यांच्या घरची खुशाली विचार. माझं कोण ऐकतं!

मग आली शिफारसपत्रं. तीन हवीत. दोन सरांनी वेळेत पाठवली. तिसरे सर म्हणजे तू.

गेल्या आठवड्यात तिथल्या कचेरीतून मेल आला. शिफारसीच्या फॉर्मात एक प्रश्न होता, 'अर्जदाराशी आपलं नातं काय?' अरे, त्यांना विचारायचं होतं की तू तिचा शिक्षक की साहेब. तू लिहिलंस, 'माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाची मुलगी.' त्यात खोटं एक अक्षर नाही. पण ते म्हणतात, नातेवाइकाची शिफारस चालत नाही; शिकवलं असेल तर तसं स्पष्ट लिहून फॉर्म महिनाअखेरपर्यंत पुन्हा भरा, नाहीतर अर्ज अपुरा धरून बाजूला ठेवू. पोरीने तुला फोन केला. तू म्हणालास, एवढीच चूक झाली गं, बाकी मी चोख लिहिलंय, पाच चौकटींमधल्या 'बरी'वर खूण केली आहे. तिने फोन ठेवला आणि गच्चीवर गेली. वाळत घालायला एकही कपडा नव्हता.

इथून पुढचं अक्षर बदललेलं दिसेल. नातीला माझी चप्पल शिवून आणायला पाठवलं आहे आणि खालच्या औषधाच्या दुकानवाल्याला वर बोलावून बसवलं आहे. डॉक्टरांचं वाचून वाचून त्याचंही अक्षर तसंच झालंय. लागलं नाही तर तुमच्याकडच्या औषधवाल्याकडून वाचून घे. आपल्या घरात तोंडावर कुणाचं चांगलं बोलत नाहीत, आणि लिहून घेणारी तीच असली की सगळं तोंडावरच होतं.

तुझी 'बरी' मला कळली. तू चौथीत पहिला आलास तेव्हा बाबांनी प्रगतिपुस्तकाची घडी घातली आणि म्हणाले, 'बरंय.' तू दोन दिवस जमिनीला पाय लावला नाहीस. यांना बघून आले तेव्हा म्हणाले, 'मुलगा बरा आहे', आणि त्या एका शब्दावर मी पंचेचाळीस वर्षं संसार केला. 'छान' आपल्याकडे कधी म्हणतात? काही फुटलं की. 'छान! फोडलीस ना बरणी?' म्हणून तू तिला 'छान'मध्ये घातली नाहीस, हे तुझ्या परीने बरोबरच. पण ती माणसं आपल्या घरात वाढलेली नाहीत रे. त्यांच्याकडे 'बरी' म्हणजे, दारात आलीच आहे तर बसू द्या कोपऱ्यात.

तेव्हा फॉर्म भरताना असं लिही. ही मुलगी दोन उन्हाळे दोरी घेऊन एकशे चौदा विहिरींचं पाणी मोजत हिंडली. त्यात तुझ्या वहीतला एक आकडा चुकलेला तिला सापडला. तेव्हा ती त्या विहिरीवर तीनदा परत गेली, खात्री केली, आणि वर्गात न बोलता तुला एकट्याला गाठून सांगितलं. हे मला तूच सांगितलंस. तेव्हाही 'बरी आहे' एवढंच म्हणालास, पण आवाज निराळा होता. तो आवाज फॉर्मात चिकटवता येत नाही. म्हणून सगळ्यात वरच्या चौकटीत खूण कर.

(औषधवाला म्हणतो, आजी, हे तिलाच सांगा की. त्याला म्हटलं, तू लिही.)

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, ज्यांची नावं तुला आठवतील त्यांना आधी दे.

तुझी ताई
(अंगठा माझाच आहे, शाई दुकानाच्या शिक्क्याची.)

ता. क. महिनाअखेर म्हणजे याच महिन्याची. पत्र हातात पडेल तेव्हा आठेक दिवस उरले असतील. वाचून ठेवून देऊ नकोस. उभ्या उभ्या कर.

दुसरा ता. क. औषधवाल्याला शपथ घातली आहे, तो बोलणार नाही. तू 'बरी' लिहिलंस हे कळलं, तेव्हा मी दोन दिवस गप्प होते. घरच्यांना वाटलं, मला वाईट वाटलंय. मला वाटत होतं, चला, परस्पर काम झालं, पोरगी राहिली इथेच. तिसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, जाऊ दे आजी, इथेच बघते काहीतरी. रडली असती तर मी गप्पच बसले असते. इतकं शहाण्यासारखं बोलली की पत्र लिहिणं भाग पडलं.

तिसरा आणि शेवटचा. दर वर्षी अक्रोड पाठवतोस, ते या वर्षी कवचासकट नकोत. फोडून नुसते गर पाठव. दाराच्या फटीत धरून फोडून देणारी घरात नसेल.