पान उघडण्याआधीचे सात सेकंद

सोमवार, ३ तारीख

ताई, आधी तुझे गुडघे कसे आहेत ते सांग. भाऊजींचा खोकला उतरला का? थोरली बाळंतपणातून सावरली ना? धाकटीनं दाढ काढली, की अजून गाल धरूनच बसलीये? मी मजेत आहे. जमेल तशा चार ओळी लिहीन आणि वही भरली की तुला धाडीन.

नवी नोकरी झकास. दवाखान्याची वेळ घरबसल्या ठरवायचं ते पान, तूही वापरतेस ते, इथंच बनतं. ते नीट चालतं का हे तपासायला संगणक आपणहून पान उघडतो, नाव भरतो, 'नोंदवा' बटण दाबतो. त्या चाचण्या मी सांभाळायच्या. गोची एवढीच, की पान पुरतं उघडायच्या आत तो बटण शोधतो आणि चाचणी नापास होते. म्हणून माझ्याआधीच्या गृहस्थांनी प्रत्येक पानावर सात सेकंद थांबायला सांगून ठेवलंय. तीनशे चाचण्या, सगळ्या डुलक्या काढताहेत. शेजारची चष्मेवाली म्हणाली, काका, त्याला हात लावू नका, ते गृहस्थ तेवढा वेळ संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून बसायचे. मी म्हटलं, पोरी, मी हे शाळेत शिकलेलो नाही, पण पाणी उकळलं का ते घड्याळात बघत नाही, भांड्यात बघतो.

गुरुवार, ६ तारीख

सगळे सात-सात सेकंद काढून टाकले. आता सांगितलंय, 'नोंदवा' दिसेपर्यंत थांब, दिसलं की दाब. दोन तासांचं काम वीस मिनिटांत. साहेब म्हणाले, या वयात काकांनी आम्हाला पळायला लावलं.

चाचणी नापास झाली की त्या क्षणीच्या पानाचा फोटो निघतो. आज दोन निघाले. कोऱ्या पानावर मधोमध ओला डाग, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. मी पडदा पुसून पाहिला. डाग फोटोतलाच.

सोमवार, १० तारीख

नऊ फोटो. साय जाड झालीये, पिवळट, तिच्यात केस. शेवटच्या फोटोत ती कडेनं उचललीये आणि खाली गुलाबी, हिरडीसारखं काहीतरी. डबा न उघडता परत नेला. चष्मेवाली बघून तोंड दाबत पळाली. परत येऊन म्हणाली, ते गृहस्थ सांगायचे, पान भरण्याआधी तिथं काहीतरी असतं, त्याला निघून जायला वेळ द्यावा. आम्ही हसायचो, काका.

मंगळवार, ११ तारीख

सात सेकंद परत घातले. ते जात नाही. आपण कशाची वाट बघतो हे त्याला कळलंय. 'नोंदवा' दिसेपर्यंत थांब, असं मीच सांगितलं.

सगळ्या चाचण्या पास. एकही फोटो नाही. म्हणून स्वतः बघत बसलो. पान उघडायच्या आधीच बटण आलं. अक्षरं बरोबर, पण कडा ओल्या. संगणकानं दाबलं तसं ते आत गेलं, ओठासारखं मिटलं, आणि चोखल्याचा आवाज —

जखमेवरच्या न बदललेल्या पट्टीचा वास येतोय. हात तीनदा धुतले.

बुधवार, १२ तारीख

साहेबांना सांगितलं. म्हणाले, सगळं हिरवं होतं, म्हणजे पास, नवं पान कालच लोकांसाठी सोडलं. बोलताना तर्जनी चोळत होते. तिला नख नाही. नुसतं मऊ, चिकट. दुखत नाही म्हणे.

चष्मेवाली आली नाही.

गुरुवार, १३ तारीख

ताई, ते पान उघडू नकोस. बोट लावू नकोस.

ज्याची वाट बघावी ते होऊन येतं. सकाळपासून ठरवलंय, कशाचीही वाट बघायची नाही. जमत नाही. तू उघडलं नसशील ना, एवढंच मनात —

पडदा बंद आहे. तरी त्यावर अक्षर उमटतंय. तुझं. ओलं, ठिबकतंय. 'बाळ्या' लिहिलंय. मला बाळ्या म्हणणारी तू एकटीच —

कडेनं उचललं जातंय —

कागदावर लिही, ताई. लवकर लिही, आजच टाक, म्हणजे मला तुझी वाट बघावी लागणार