पिल्लावरचा आळ

४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. सुरुवातीला खुशाली विचारायची असते म्हणून विचारतो. कशी आहेस? घरातले कसे आहेत? आमच्याकडे सगळं ठीक होतं, परवा संध्याकाळी सहा वाजेपर्यंत. सहाला तुझा मुलगा दारात एक खोकं ठेवून चहासुद्धा न घेता पळाला. खोक्यात कुत्र्याचं पिल्लू, पिल्लाच्या खाली तुझी चिठ्ठी. चिठ्ठी ओली.

फोनवर तू "आवाज नीट येत नाही" म्हणत ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. लिहिलेलं वाचावंच लागेल.

तुझी चिठ्ठी वाळवून तीनदा वाचली. पहिली ओळ: हे माझी गादी रोज भिजवतं, मला घरात नको, तुझ्या कारखान्यात भुसा पडलेलाच असतो, तिथे खपून जाईल. दुसरी ओळ: केलं की नाक त्यात घासायचं आणि दोन रट्टे द्यायचे, दोन दिवसांत सरळ येतं. तिसरी ओळ: लग्नाला यायला जमणार नाही, गुडघे दुखतात. म्हणजे सख्ख्या भाचीच्या लग्नाचा नंबर कुत्र्याच्या मुतानंतर. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भुशाचं म्हणशील तर तुझा सल्ला फारच यशस्वी झाला. पहिल्याच दिवशी पिल्लाला पटलं की भुसा दिसला की पाय फाकवायचे. आता मी सुतार माणूस, भुसा माझ्या केसांत, खिशात, चपलेत. आज सकाळपासून त्यानं माझी विजार दोनदा भिजवली. एक गिऱ्हाईक कपाटाची मापं द्यायला आलं होतं, त्यांच्यासमोर. ही हसून हसून दाराला टेकली. मला हसू आलं नाही.

त्यातून ते इतकं बारकं की कारखान्यातून घरात यायची सहा इंचांची पायरी त्याला चढता येत नाही. पुढचे पाय वर टाकतं आणि केकाटत बसतं. मग रंधा ठेवून मी जायचं, उचलून आत ठेवायचं. लग्न दीड महिन्यावर आलंय, हातात तीन कामं आहेत, आणि मी कुत्र्याचा हमाल झालोय.

लेकीला तुझं न येणं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या नसेल तर तारीख पुढे ढकला. गुडघे बरे झाले की करू." थट्टेत नाही म्हणाली. तिला पहिली सुई तू धरायला शिकवलीस, ती पोर तुझ्याशिवाय उभी राहणार नाही. काय सांगू तिला? १४ डिसेंबर लक्षात ठेव आणि नीट कारण लिही. तुझ्या घरापासून इथपर्यंत मी गाडी करून देतो, तुझ्या गुडघ्यांना एक पाऊल टाकावं लागणार नाही.

डोकं फिरलेला,
तुझा धाकटा

१३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. बरं.

पिल्लाचं नाव लेकीनं बटण ठेवलंय. तुझी नात रोज फोन करून त्याची चौकशी करते आणि रडते. तिच्यासाठी आणलेलं पिल्लू तू हाकललंस, हे ती विसरलेली नाही.

मला एक कबूल करायचंय. तुझी दुसरी ओळ मी वापरली.

गेल्या गुरुवारी एका गिऱ्हाइकाच्या दाराला पॉलिश करून ते आडवं ठेवलं होतं. पाठ वळवली तर बटण त्यावर. मी त्याची मानगूट धरली, नाक त्यात घासलं आणि दोन रट्टे दिले. दोन नाही, चार दिले. ते ओरडलं नाही, नुसतं चपटं झालं. ही आतून धावत आली आणि पिल्लू माझ्या हातातून ओढून घेऊन म्हणाली, "अहो, काय करताय? बाळ आहे ते." मी हिच्यावरही खेकसलो. बत्तीस वर्षांत कारखान्यात मी हिच्यावर आवाज चढवला नव्हता.

तुझं म्हणणं खरं ठरलं, ताई. दोन दिवस कुठे थेंब नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ताईला कळतं. तिसऱ्या दिवशी प्लायवूडच्या थप्पीमागून वास आला. थप्पी हलवली तर मागे चार-पाच जागी केलेलं, आणि कोपऱ्यात बटण, शेपूट पोटाखाली घालून थरथरत बसलेलं. ते करायचं थांबलं नव्हतं. ते लपून करायला शिकलं होतं.

मी तिथेच भुशात बसलो.

मी नऊ वर्षांचा असताना ओली चादर कपाटामागे कोंबायचो, आठवतंय? वासावरून तू ती शोधायचीस. मग गादी माझ्या डोक्यावर. ती मी पुढच्या फाटकावर नेऊन टाकायची, शाळेची पोरं जायच्या वेळेला, आणि शेजारी उभं राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं की मी केलं. पोरं मला "नळ" म्हणायची. हे नाव त्यांना कुणी दिलं, ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं की गादी वाळायला हवी, म्हणून ताई पुढे टाकायला लावायची. ताई, ऊन मागच्या अंगणात जास्त असायचं. मी सुतार आहे, लाकूड वाळवतो, ऊन कुठे पडतं ते मला कळतं.

तू म्हणशील, आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, चुलीपासून बाबांच्या डब्यापर्यंत सगळं माझ्या अंगावर पडलं होतं, रोज एक गादी धुवायला माझ्यात जीव नव्हता. माहीत आहे. तुझे हात सोललेले मी पाहिलेत. तू होतीस म्हणून आम्ही जगलो, हे मी कुणालाही सांगेन. पण त्या फाटकाचा राग त्यानं जात नाही. पन्नास वर्षं तो मी गिळून बसलोय आणि परवा तो एका वीतभर जनावरावर काढला. त्याचाही राग तुझ्यावरच आहे. अन्याय असेल तर असू दे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं त्याला. त्यांनी मलाच झापलं. म्हणाल्या, "एवढ्याशा पोटात मावतं किती? खाल्लं की बाहेर न्या, झोपून उठलं की बाहेर न्या, खेळून झालं की बाहेर न्या. बाहेर केलं की शाबासकी द्या. आत केलं तर गप पुसून काढा. ते शिकेल, आधी तुम्ही शिका." आता दर दोन तासांनी मी रंधा टाकून त्याला दारापुढच्या झाडाखाली नेतो आणि त्यानं केलं की "शाब्बास, राजा" म्हणतो. समोरचा शिंपी म्हणतो, मालकांना वेड लागलं.

मला हे कुणी कधी म्हटलं असतं तर, असं मनात येतं. एवढंच.

लग्नाला का येत नाहीस, ते अजून कळलेलं नाही.

धाकटा

२७ नोव्हेंबर

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "कुत्र्याला लाडावून ठेवू नकोस. त्या वेळी आई नव्हती. लग्नाला येत नाही, विषय संपला." तीन वाक्यं, त्यांतल्या एकात चपराक. ती खाल्ली. पण विषय संपलेला नाही. हे पत्र दार लावून वाच आणि वाचल्यावर फाडून टाक.

बटण अकरा दिवस झाले कोरडं आहे. बाहेर जायचं असलं की दारापाशी जाऊन माझ्याकडे बघतं. ती पायरी त्याला परवा कुठे चढता आली, तीही दोन उड्या फसल्यावर.

काल तुझा मुलगा लेकीचं कपाट बघायला आला होता. बटणाला खाजवत म्हणाला, "मामा, याचा प्रताप अजून संपला नाही. आई दर एक-दोन दिवसांनी गादी गच्चीवर टाकायला लावते. म्हणते वास राहिलाय." मी म्हटलं, असेल. त्याला चहा दिला आणि घालवला.

मग करवत बाजूला ठेवून मी हिशोब मांडला.

पिल्लू तुझ्या घरातून निघून पंचवीस दिवस झालेत. आणि तुझा पलंग मी केलाय, ताई. बावीस इंच उंच. खाली खण हवेत, आणि उठताना गुडघ्यांना बरं पडावं, म्हणून मुद्दाम उंच घेतला होता. सहा इंचांच्या पायरीशी रडणारं पिल्लू रोज बावीस इंच चढून तुझी गादी कशी भिजवेल? तूच त्याला वर घेत असशील म्हणावं, तर तुझी नात सांगते की आजी त्याला खोलीतसुद्धा येऊ देत नव्हती.

अडचण गुडघ्यांची नाही. गादी तुझ्याकडूनच ओली होते. म्हणून तू कुणाकडे मुक्कामाला जात नाहीस. म्हणून लग्नाला येत नाहीस.

मला इतका संताप आलाय की हे अक्षर तुला लागेल का, शंका आहे. तुझ्या मुलाचा संताप, की सारखी गादी उचलतो आणि डोकं वापरत नाही. तुझा संताप, की दोन महिन्यांच्या मुक्या जिवावर आळ घातलास, त्याला मारायला मला सांगितलंस, आणि मी मारलं. नातीला रडवलंस. हे सगळं कशासाठी, तर कुणाला कळू नये म्हणून. आणि माझ्यापासून लपवलंस? या घराण्यात ओल्या गादीबद्दल माझ्याइतकं कुणाला कळतं?

माझ्या आधीच्या पत्रानं तू आणखी घाबरली असशील. वाटलं असेल, आता हा सूड घेईल. खरं सांगतो, काल क्षणभर बरं वाटलं होतं मला. वाटलं, आता कळलं ना कसं असतं ते. क्षणभरच, पण वाटलं. ते लिहायची लाज वाटते, तरी लिहून ठेवतो, कारण आपल्यात लपवालपवी फार झाली.

आज सकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. माणसांच्या. तुझं नाव कसं घेणार, म्हणून माझाच आजार म्हणून सांगितला. त्यांनी मला टेबलावर आडवं करून असं काही तपासलं की ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. नंतर मी हळूच विचारलं की हे बायकांनाही होतं का, समजा अडुसष्ट वर्षांच्या. ते म्हणाले, बायकांना तर जास्तच, आणि निम्म्याहून अधिक जणी सांगतच नाहीत. औषध आहे, साधे व्यायाम आहेत, बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. शेजारच्या खोलीत बाई डॉक्टर आहेत. लग्न झालं की तुला त्यांच्याकडे मी नेणार. ठणठणीत माणसाचं टेबलावर जे झालं, त्याची भरपाई म्हणून तरी चल.

घरातल्या सगळ्या गाद्यांना मी मेणकापडाची खोळ शिवून घेतली. सगळ्या म्हणजे सगळ्या, नवऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांच्यासुद्धा. शिंप्यानं विचारलं, तर सांगितलं की कुत्रं आहे घरात. घातला, मीही त्याच्यावर आळ घातला. पण यावेळी कुणी त्याला मारणार नाही. तुझी खोली न्हाणीघराला लागून आहे. चादरी रोज पहाटे मी स्वतः गोळा करणार, सगळ्यांच्या एकत्र, त्यामुळे कुठली कुणाची हे मलाही कळणार नाही. हिला, लेकीला, तुझ्या मुलाला, कुणालाही मी एक अक्षर बोललेलो नाही आणि बोलणार नाही.

फाटकाचं मी माफ केलेलं नाही. करेन असं आज तरी वाटत नाही. त्यावर भांडायचंय तुझ्याशी, समोरासमोर, मनसोक्त, पण लग्न पार पडल्यावर. बारा तारखेला गाडी पाठवतो. तू मला काही कबूल करायला नको. उत्तरात गुडघ्यांचंच लिहिलंस तरी मी ते खरं धरेन. फक्त शेवटी "येते" असं लिही.

तुझ्यावर रागावलेला,
आणि तुझ्याशिवाय लेकीचं लग्न न लावणारा,
तुझा भाऊ