आईच्या मापाचा बर्थ

कुरुळी, १२ एप्रिल

ती. आईस,
पिंटूचा नमस्कार. पाया पडतो, पण या वेळी ऐकणार नाही. फोनवर अण्णा मधेच बोलतात, म्हणून लिहितोय. मोने, दादाचं ऐक, हे आईला मोठ्यानं वाच. अण्णा ओट्यावर बसले असतील तरी वाच.

रोहिदासनं शाळेची जुनी मिनीबस घेतलीय. आम्ही दोघं वेल्डिंगवाले, दर सुट्टीला तिच्यात घर बसवतोय. शेगडी, पाण्याची टाकी, झोपायला चार बर्थ झाले. वीस मेला तुला घेऊन हिमाचलला निघणार. तिथं मे महिन्यातही बर्फ असतो. ब्रेक नवीन टाकलेत, घाटाची काळजी करू नको. सुपरवायझर रजा देईना, पण कंपन्या चाकणला पुष्कळ आहेत.

अण्णा म्हणाले, "बाईमाणूस गाडीत झोपतं व्हय? लोक काय म्हणतील?" म्हणू दे. रोहिदासची बायको जयमाला पण येतेय. तुझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माहेर सोडून कुठं गेलीस सांग?

तीन बर्थ सहा फुटी आहेत. चौथा मी पावणेपाच फुटांचाच कापला. रोहिदास हसला, "भावा, पाळणा केला का काय?" म्हटलं, आईचं माप आहे. आता त्यात दुसरं कोणी मावत नाही.

गुडघे कसे आहेत? गाडीला पायरी बुटकी लावलीय.

अठरा मेला जिंतूरला तुला घ्यायला येतो. अण्णांनी दार लावलं तर दारात हॉर्न वाजवत उभा राहीन. सगळी गल्ली बघू दे.

तुझाच हट्टी,
पिंटू