तिसरी ओळ

तीर्थरूप बाबा,

धर्म शिकायला परदेशी कशाला जायचं, म्हणून तुम्ही वर्षभर माझ्याशी बोलला नाहीत. तरी आज पहिली आठवण तुमचीच झाली!

आपल्या प्रार्थनेची फार जुनी हस्तलिखित प्रत इथल्या विद्यापीठात सापडली. प्राध्यापकबाईंना अक्षर लागेना. मी म्हटलं, "बाई, मला ही तोंडपाठ आहे," आणि भर वर्गात तुमच्याच चालीत म्हणत एकेक ओळ ताडून पाहू लागले. तिसऱ्या ओळीशी अडखळले. आपण म्हणतो, "पुरुषांनी आत यावे." प्रतीत स्वच्छ लिहिलंय, "सर्वांनी आत यावे."

"पुन्हा वाच!" बाई ओरडल्याच. मी चारदा वाचलं. बाबा, आम्ही दोघी अक्षरशः नाचलो!

मग आई डोळ्यांपुढे आली. तीस वर्षं ती दाराबाहेर बसून प्रार्थना ऐकते आहे. तुम्ही लबाडी केली नाहीत, आजोबांनी शिकवलं तेच म्हणालात, हे मला कळतं. पण हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही ते घडी घालून खिशात ठेवाल आणि तिला सांगावं की नाही, याचा विचार करत बसाल.

मी तिलाच फोन लावते आहे.

तुमची,
धाकटी