टाकीपासून पंपापर्यंत स्टील

२२ एप्रिल १९९७, मंगळवार

तिसरं टोक फाटलं! एकोणीस वर्षं डाईंग मिलमध्ये वाफेचे पाइप जोडतोय, आणि घरच्या ओट्यावर बोटाएवढा डिझेलचा पाइप मला जुमानत नाही. सांध्यात घट्ट बसावं म्हणून तोंड फुलवायला घेतलं की तडा. कानस लावून कडा गुळगुळीत केली, तेल लावलं, हळू दाबलं — तरी तडा!

जीपच्या आधीच्या मालकाने तिच्यात मीठ वाहिलं. टाकीपासून इंजिनापर्यंतचा लोखंडी पाइप गंजून चाळणी झालाय. बदलायचा तर स्टीलचाच टाकायचा, म्हणजे माझ्या हयातीत परत बघायला नको. तांबं गोंजारलं की वळतं. लोखंडही ऐकतं. स्टील एकदाच ऐकतं. दुसऱ्यांदा हात लावला की कडक होऊन बसतं.

मगनभाई गॅरेजवाला येऊन बघून गेला. "रबरनी नळी नाखी दो ने! अडधा कलाकनुं काम!" अर्ध्या तासात रबरी नळी टाकून मोकळे व्हा म्हणे, वर हसला. रबरच घालायचं तर फिटर कशाला झालो?

शुक्रवारी, पंचवीसला न्यायला येतो, असं सासरी असलेल्या पोरीला, सुषमाला, कळवून बसलोय.

२४ एप्रिल

होत नाही. समोरचा लोटू ट्रक घेऊन बारडोलीच्या साखर कारखान्यात जातो, त्याच्याजवळ पोरीला निरोप दिला — जीप अजून व्हायची आहे, आठ दिवसांनी येतो.

बायको, वत्सला, भडकली. "एसटी बंद पडनी का? जा ना, पोरले लई या!"

लग्नानंतरची पहिली आखाजी, अक्षय्य तृतीया, आहे पोरीची. ९ मेला. माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत, आणि भाऊ नाही तिला, म्हणजे मुराळी मीच. एसटीने जाता येतं, मला का कळत नाही? पण लग्नात व्याही सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वऱ्हाड टेम्पोत आणलंत, मिलचे तागे आणल्यासारखं!" सगळा मांडव हसला. मीही हसलो. सुषमाची मान खाली गेली ती मी पाहिली. निघताना तिच्या कानात सांगितलं — पहिल्या आखाजीला बाप स्वतःच्या जीपने येईल.

वत्सलाला हे कितीदा सांगायचं?

२७ एप्रिल, रविवार

वाकताना चेपू नये म्हणून आज तापीची बारीक वाळू तव्यावर भाजून पाइपात ठासून भरली, दोन्हीकडून लाकडी खुंट्या मारल्या आणि मग वाकवला. काय सुंदर वाक आला! एक सुरकुती नाही. वत्सलाला हाक मारून दाखवला. "हं," म्हणाली आणि पीठ मळायला गेली.

जीपखाली जाऊन लावून पाहिला. वाक उलट्या बाजूला! ओट्यावर उभं राहून माप घेतलं, आणि बसवायचं असतं उताणं झोपून. डावं ते उजवं झालं. नऊ फूट पाइप. पाना फेकून दिला. तो गटारीत गेला. मग बसलो काढत.

३० एप्रिल

लोटूने सुषमाची चिठ्ठी आणली. दोन ओळी. "आबा, जीप राहू द्या. एसटीनेच या, पण लवकर या."

बघा! पोरीलासुद्धा बापाच्या गाडीची लाज वाटायला लागली. सासरच्यांनी कान भरले असणार. चिठ्ठी खिशात घालून परत जीपखाली गेलो.

लोटू म्हणत होता, "पोर वाळी गयी, भाऊ." उन्हाळा आहे. कोण नाही वाळत?

१ मे

मिलला सुट्टी. चार टोकं फुलवली. तीन फाटली.

३ मे, शनिवार

झालं!! टाकीपासून पंपापर्यंत एकसंध स्टील, चांदीसारखं चमकतंय. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइपसुद्धा. टाकी भरली, पाइपातली हवा काढली, इंजिन सुरू केलं. प्रत्येक सांध्यावर बिडीच्या बंडलाचा कागद फिरवला — कोरडा. एक थेंब नाही! गल्लीतली माणसं वाकून वाकून बघत होती. मगनभाईला मुद्दाम बोलावलं. तो म्हणाला, "सरस छे." नाइलाजाने म्हणाला, पण म्हणाला.

उद्या बारडोली.

४ मे

जीप पर्वत पाटियाच्या नाक्यावरच बंद पडली.

हवा काढली, सुरू झाली. फर्लांगभर गेली, बंद. परत हवा काढली. परत बंद. भर उन्हात नवा सदरा घालून रस्त्यात उताणा झोपलो. पुरणपोळ्यांचा डबा सीटवर तसाच. शेवटी एका टेम्पोने दोर बांधून ओढत आणलं. टेम्पोनेच! व्याह्यांनी पाहिलं असतं तर जन्मभराची करमणूक झाली असती.

वत्सलाने डबा उचलला. पोळ्या शेजारी वाटून आली.

५ मे

कामावरून येऊन सगळे सांधे परत तपासले. कुठेच गळत नाही. गळतच नाही तर हवा शिरते कुठून? एकोणीस वर्षांत असं पाहिलं नाही. वाफ असो, पाणी असो, सांधा खराब असला की गळतो. न गळणारा सांधा चांगला. यात चुकतंय काय?

चिडून नट इतका आवळला की पाना घसरून अंगठा फुटला.

वत्सलाने हळद लावताना म्हटलं, "उद्या मी जास एसटीनं." मी ओरडलो तिच्यावर. बाई कधी मुराळी म्हणून जाते का? ओरडायला नको होतं.

६ मे

वत्सला भांडी घासत होती, मी ओट्यावर बसून स्वतःशीच बडबडत होतो — गळत नाही, गळत नाही. तिने मान वर न करता सांगितलं, "गावना हातपंप आठवस का? वायसर घसायनं का पानी गळे का खाले? नई. पंप निस्ता हवा वढे."

मी ओट्यावरून उठलोच.

मिलमध्ये वाफ आतून बाहेर दाबते. इथे पंप ओढतो! फट असली तर डिझेल बाहेर येणार नाही, हवाच आत जाणार. कागद फिरवून कसं कळेल? तेवीस वर्षं संसार करतोय आणि ही बाई मला आज फिटिंग शिकवते!

सायकलचा पंप जोडून पाइपात हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. टाकीच्या डोक्यावरच्या सांध्याला बारीक बुडबुडे. केसाएवढा तडा. वरून कोरडा ठक्क. तीन दिवस मी त्याच्याकडेच बघत होतो.

७ मे

फाटलेलं टोक कापलं तर पाइप चार बोटं तोकडा पडला. पूर्ण पाइप नवा करायचा म्हणजे आणखी आठ दिवस. आखाजी परवा.

मगनभाईकडे गेलो. काही न विचारता त्याने रबराच्या नळीचा तुकडा कापून दिला, दोन क्लिपा दिल्या. दहा मिनिटांत बसला. जीप बारडोलीच्या वाटेवर कडोदऱ्यापर्यंत नेऊन आणली, एकदाही अडखळली नाही.

पंधरा दिवस स्टील स्टील केलं, आणि शेवटी चार बोटं रबर. हसू येतंय आणि स्वतःचा रागही. असो. उद्या पहाटे निघतो. व्याह्यांच्या दारात दोनदा हॉर्न वाजवणार आहे!

८ मे, गुरुवार

हॉर्न वाजवावाच लागला नाही. सुषमा दारातच उभी होती. हातात पिशवी नव्हती, शेजारी लग्नात दिलेली ट्रंक होती, कुलूप लावलेली. व्याही जीपकडे बघायला बाहेरसुद्धा आले नाहीत. कडोदऱ्याला आल्यावर बोलली, "आबा, माले आते परत धाडू नका." बाही वर करून दाखवली. दंडावर काळेनिळे डाग होते, जुने, नवे. ट्रंक कधी भरलीस विचारलं. "पंचवीसलेच भरेल व्हती. तुम्ही येनार व्हतात ना."

जीप रस्त्यात एकदाही बंद पडली नाही.