आतून की बाहेरून

४ मार्च, मंगळवार. दुपारी.
लष्कराच्या डेपोतल्या लिलावात ट्रकचे सहा टायर घेतले. यांचा ट्रक खाणीच्या चिखलात महिन्याभरात तीनदा रुतला, तेव्हाच ठरवलं होतं की आता मोठे टायर. हे कागदपत्रांना घाबरतात, म्हणून मीच गेले. टायर जवळजवळ नवे, माझ्या खांद्यापर्यंत येतात. विकलेला माल परत घेणार नाही अशी पाटी होती. आपल्याला परत करायचाच नाही. या टायरला दहा इंच रुंदीची रिम लागेल, असं तिथला कारकून म्हणाला. आपली दहाच आहे. शिवणाच्या टेपने मीच मापली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मॅट्रिकला गणितात अडुसष्ट मार्क उगाच नव्हते मिळाले.

ही वही हिशोबाची. मागची पानं कोरी जात होती, म्हणून इथे लिहिते. हे या वहीला हात लावत नाहीत.

५ मार्च, बुधवार.
टायर आले. अंगणात मावेनात. वन्सं आमच्याकडेच राहतात, त्यांना विषयच मिळाला. म्हणाल्या, वहिनी, टायर आले, आता विमान कधी येणार. मी लक्ष दिलं नाही. हे टायरांभोवती दोनदा फिरले, हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, तू मापलंयस ना. म्हटलं, मापलंय. म्हणाले, मग झालं.
एवढ्यावर माणूस निश्चिंत. मी आत जाऊन टेप पुन्हा एकदा बघून आले. जागेवर ठेवलाय की नाही, एवढंच बघायला.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी.
टायरवाल्याकडे गेलो. म्हातारा आहे, डाव्या हाताला तीनच बोटं. रिमच्या कडेला एक लोखंडी कडं असतं, तेच टायरला धरून ठेवतं. हवा भरताना तो अख्खं चाक पिंजऱ्यात ठेवतो. मी विचारलं, पिंजरा कशाला. म्हणाला, ताई, कडं सुटलं तर भिंत फोडून जातं. मी विचारलं, आणि रस्त्यावर पिंजरा कुठे असतो. म्हणाला, रस्त्यावर ड्रायव्हर असतो.

पुढचे दोन टायर चढवले. टायरांना मधोमध पोट आलं, लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबल्यासारखं. त्याने आमची जादाची सुट्टी रिम घेऊन मापली. म्हणाला, ही साडेसात आहे, दहा कोणी सांगितलं. हे तेव्हा समोरच्या दुकानात बॅटरीचं पाणी घेत होते. टायरवाला म्हणाला, आज ट्रक रिकामा, हळूहळू घरी न्या. माल भरून खाणीचा उतार उतरायचा नाही, कडं उडेल. मालकांना सांगा. म्हटलं, सांगते.
जुने टायर त्याने ठेवून घेतले.
सांगणारच आहे. पण बॅटरीच्या पाण्याच्या भावाने यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. उद्या सांगेन. शिवाय मापायचा त्याचा पट्टा लोखंडी होता, लोखंड उन्हात वाढतं. वाढलेल्या पट्ट्याने माप कमीच येणार.

८ मार्च, शनिवार.
उद्या सांगेन.

१० मार्च, सोमवार.
पिठाच्या डब्याला नवं झाकण घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, माप आतून घेतलंय की बाहेरून. म्हटलं, आतून. डब्याचं माप आतूनच घ्यायचं असतं, यात विचारायचं काय.
मग झाकण काखेत धरून तडक घरी आले.

दुपारी सुट्टी रिम पुन्हा मापली. आतून. साडेसात. टेप आईच्या वेळचा आहे, धुतल्याने आक्रसला असेल. आक्रसलेल्या टेपने माप जास्त यायला हवं, कमी कसं आलं, याचा विचार केला नाही.

जेवताना यांनी विचारलं, टायरवाला काही म्हणाला का. यांना आणखी आमटी वाढली. म्हटलं, टायर लष्करी आहेत म्हणाला. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, खाणीवर मी सगळ्यांना सांगितलंय, आमच्या हिने मापून आणलेत. आणि पाणी प्यायले.

११ मार्च, मंगळवार.
मौन धरलं आहे. आठ दिवस. मन शुद्ध होतं. हे काही विचारतील आणि चुकून खोटं बोललं जाईल, ते पाप तरी टळेल. मांजराशी आणि देवाशी बोललेलं धरत नाहीत.
देवाला म्हटलं, आठ दिवस यांना माल मिळू देऊ नकोस. मग वाटलं, हे काय मागितलं. बदलून घेतलं. म्हटलं, माल मिळू दे, पण जवळचा, सपाट रस्त्याचा, हलका. कापूस वगैरे.

१२ मार्च, बुधवार.
यांची दाढ दुखते आहे. खाणीवर गेले नाहीत. देव ऐकतो.
गाल मात्र सुजलेला नाही, आणि चणे खाल्ले.

१३ मार्च, गुरुवार.
हे रिकामा ट्रक बाजारापर्यंत नेऊन बघतो म्हणाले. मी बोलू शकत नव्हते, म्हणून सरळ जाऊन शेजारच्या सीटवर बसले. उतर म्हणाले. मान हलवली. दोन्ही हातांनी दांडी धरली आणि डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. ट्रक सारखा डावीकडे ओढत होता. हे इतके हळू चालवत होते की एक सायकलवाला पुढे गेला, मग एक म्हातारी पुढे गेली. सगळा स्मरणाचा प्रभाव. बाजार आला तरी मी दांडी सोडली नाही. नामस्मरण मध्येच सोडू नये. यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ऊनही होतं म्हणा.

वन्सं म्हणाल्या, मौनात माणूस एवढा पांढरा पडतो का हो वहिनी. मी पाटीवर लिहून दिलं, उपासाने. त्या म्हणाल्या, सकाळी तर पोटभर जेवलात.

१५ मार्च, शनिवार.
काल यांची दाढ थांबली, आज पाठ धरली. खाणवाला घरी आला होता. अंगणातल्या टायरांना पायाने ठोकून म्हणाला, रणगाडा दारात उभा करून पाठ कसली धरता. सोमवारी आठला पूर्ण माल, नाहीतर दुसरा ट्रक लावतो. हे म्हणाले, येतो.
माझ्याकडे बघून म्हणाले.
सोमवारच्या आत सांगायचं. मौन मोडलं तरी चालेल. निश्चय पक्का.

१६ मार्च, रविवार.
तीनदा तोंड उघडलं. एकदा जांभई दिली, एकदा चहा हवा का अशी खूण केली. तिसऱ्यांदा हेच म्हणाले, तुला काही सांगायचंय का. मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही.
डोळ्यांपुढे सारखा तो पिंजरा येतो. मी घाबरलेली नाही.

१७ मार्च, सोमवार. सकाळी सात.
उठले तर हे घरात नाहीत. ट्रक दारात आहे. चहा न घेताच गेले. खाणीवरून हमाल आणायला गेले असतील.
केसातली पिन काढली.
पुढच्या दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हमध्ये घालून धरली. एवढा मोठा आवाज होतो हे माहीत नव्हतं. वन्सं खिडकीत आल्या. मी फक्त हवा तपासत होते. ट्रक हळूहळू गुडघे टेकल्यासारखा खाली बसला.

त्याच दिवशी, दहा वाजता.
हे हमाल आणायला गेले नव्हते. टायरवाल्याला आणायला गेले होते. आमचे जुने टायर दुकानातच होते, तो टेम्पो घेऊन सोबतीला आला होता. ट्रक दुकानापर्यंत हळू नेऊन टायर बदलायचे असं दोघांनी ठरवलं होतं. आता ट्रक हलेना, टेम्पोत जॅक छोटा. टायरवाला खाली वाकून बघत म्हणाला, पंक्चर तर कुठे नाही. मग माझ्या हातातली पिन बघितली आणि उगाचच आकाशाकडे पाहू लागला.

यांना पहिल्याच शनिवारी त्याने सगळं सांगितलं होतं. नऊ दिवस हे जाणून होते.
मी मौन मोडलं. म्हटलं, मग बोलला का नाहीत. म्हणाले, अगं, तू सांगशील म्हणून थांबलो. मापात तुझं चुकलं हे मी कुठल्या तोंडाने सांगणार, गावभर कौतुक करून बसलो होतो. मग तू मौन धरलंस. मीही धरलं.
आणि दाढ, विचारलं. म्हणाले, दाढ नव्हती दुखत. भीती वाटत होती.
किती सरळ म्हणाले. मला नऊ दिवसांत ते एकदाही लिहिता आलं नाही, तेही या वहीत.
वन्सं चहा घेऊन आल्या. पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

२२ मार्च, शनिवार.
टायरवाल्याने रुंद रिमा मिळवल्या. तोपर्यंत खाणवाल्याने दुसरा ट्रक लावला. हे जुन्या टायरांवर विटा वाहतात, सपाट रस्त्याने.
यांनी टेप मागितला. एक टोक यांनी धरलं, एक मी. नवी रिम आतून मापली. दहा. पुन्हा मापली. दहा.
मग बाहेरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. साडेबारा.
टेप आक्रसलेला नव्हता. गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. पिठाच्या डब्याचं नवं झाकणही नीट बसतं.