जनीबाईच्या आवाजाची वाटणी

लिहून ठेवणार : हौसाबाई, कै. केरू गोविंदा म्हात्रे यांची पत्नी, वय वर्षे चौसष्ट, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे (आता बंद), राहणार मौजे कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड.

मी आज हे माझ्या हाताने, माझ्या समजुतीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, नजर थोडी अधू आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबाखाली राहण्याचं माझं वय कधीच सरलं. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंवरून कोणी भांडू नये आणि माझ्याबद्दल कोणी वाटेल ते सांगू नये, या दोन कारणांसाठी हा मृत्युपत्राचा लेख करून ठेवते. याआधी मी कोणताही लेख केलेला नाही. वकिलांनी पेणला कच्चा मसुदा करून दिला होता. तो फार कोरडा वाटला, म्हणून मधलं मी माझं घातलं आहे.

१. माझे यजमान केरू यांनी लग्नानंतर दोन वर्षांनी एक अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एक माईक घेऊन धंदा सुरू केला. पेणपासून रोह्यापर्यंत हळदी, साखरपुडे, पूजा, सगळीकडे आमचे भोंगे असायचे. एकोणीसशे एकोणऐंशी साली ते काविळीने गेले. पदरात मुलगी शिल्पा होती, आणि दुसरा धंदा मला येत नव्हता. मी भोंगे उचलले.

माझे थोरले दीर धोंडी गोविंदा म्हात्रे यांना ते पटलं नाही. "बाईमानूस शिडी लावून झाडावर चढते, लोक खालून बगतात. घरची अब्रू हाय का नाय?" असं ते ओटीवर उभं राहून बोलले. मी म्हटलं, "भावोजी, लोकांनी वर बघू नये." यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं. चौऱ्याऐंशी साली त्यांनी घराच्या मधोमध भिंत घातली.

२. वाटणीत माझ्याकडे आलेला घराचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, मागचं परस आणि परसातला शेवगा माझी मुलगी शिल्पा हिला मिळावा. ती रोह्याला सासरी सुखात आहे, तिला इथे राहायला येण्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. पण विकायचं ठरवलंच तर आधी धोंडीभावोजींचा मुलगा धनेश याला विचारावं. परक्याला देऊ नये. पोस्टातली शिल्लक आणि माझ्या अंगावरचं सोनंही शिल्पाचंच.

३. भोंगे, माईकचे दांडे आणि वायरची भेंडोळी गावच्या भजनी मंडळाला द्यावीत. रोह्याचे हैबतराव मंडपवाले ते मागायला येतील. त्यांना देऊ नयेत. एका लग्नात बारा गावच्या लोकांसमोर त्यांनी मला "ए भोंगेवाली" अशी हाक मारली होती आणि माझा अँप्लिफायर चुलाणाशेजारी ठेवायला लावला होता. त्यांना चहा द्यावा.

४. आता मुख्य गोष्ट.

केरूंनी घरात दोन सागवानी खोकी बसवली होती. मोठे स्पीकर घातलेली, जाळीवर खाकी कापड. एक आमच्या माजघरात, दुसरं थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे जनीबाईच्या खोलीत. एका अँप्लिफायरवरून दोन्हीकडे तार. सकाळी रेडिओ लावला की दोघी जावा आपापल्या चुलीपाशी एकच गाणं ऐकायच्या. भिंत घालताना धोंडीभावोजींनी ती तार पक्कडीने कापली. जनीबाईकडचं खोकं तिथेच भिंतीवर मुकं लटकत राहिलं.

जनीबाई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले म्हणतात, ते म्हणणारी बाई. तिच्यासारखा गळा या पट्ट्यात दुसरा नव्हता. घरी तिला माझ्याशी बोलायची बंदी होती. पण लग्नात धवला ती म्हणायची आणि माईक मी धरायची. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींपासून वीतभर अंतरावर असायचो. गाणं संपलं की ती एका वाटेने घरी जायची, मी दुसऱ्या. तिचे धवले मी टेपवर भरून ठेवत गेले. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पंच्याण्णवच्या सुरुवातीला जनीबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी पेजेचं भांडं घेऊन त्यांच्या दारात गेले, तर धोंडीभावोजी उंबऱ्यात उभे राहिले. "मी हाय तिला बगायला," म्हणाले. हेही लिहायला हवं की त्यांनी खरंच बघितलं. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं त्यांनी एकट्याने केलं. त्यात त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

धनेश रोह्याला केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात आहे. शिफ्ट संपवून आला की आधी आईकडे बसायचा, मग मागच्या दाराने माझ्याकडे यायचा. एकदा म्हणाला, "काकी, आई नुसती आढ्याकडं बगत पडते. बोलवलं तरी वळत नाय."

मी म्हटलं, "तिला तिचंच गाणं ऐकव."

मी माझ्याकडचं खोकं मोठ्याने लावून पाहिलं. भिंतीपलीकडे नुसता घुमारा गेला, आणि धोंडीभावोजी ओरडले. धनेशने तार जोडू का म्हणून विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तिकडची तार या भिंतीतनं येनार नाय. मी जिता हाय तोवर नाय."

धनेशने दोन-चार दिवस विचार केला. मग म्हणाला, "काकी, बिनतारी करू."

मुंबईहून त्याने एक छोटी पट्टी आणली, साबणाच्या डबीत मावेल एवढी. ती माझ्या टेपला जोडायची. टेपमधलं गाणं ती एफएम रेडिओच्या लहरींवर सोडते आणि वीस-पंचवीस पावलांवरचा रेडिओ ते पकडतो. असल्या वस्तूला सरकारी परवाना लागतो म्हणे. वकील म्हणाले, हे लिहू नका. पण मी या वयात खोटं कशाला लिहू?

पहिल्यांदा धनेशने आईच्या उशाशी छोटा रेडिओ ठेवला. खरखर झाली, मध्येच मुंबईच्या बातम्या घुसल्या. मी पट्टीची तार पत्र्याच्या कपाटापासून लांब नेली, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. तरी जनीबाईने तोंड फिरवलं, असं धनेश सांगत आला. रेडिओच्या एवढ्याशा स्पीकरातून तिचा आवाज चिरका येत होता, तो तिला स्वतःचा वाटलाच नसावा. मी धनेशला म्हटलं, "भिंतीवर खोकं हाय ना? त्याला जोड." मग त्याने एका मोडक्या टेपमधला अँप्लिफायर काढला, रेडिओ त्याला लावला आणि त्यातून दोन वायरी त्या खोक्याला दिल्या. अकरा वर्षांनी खोकं बोललं, आणि बोललं ते जनीबाईच्या भरदार आवाजात.

हे सगळं धोंडीभावोजी बांधावर गेले असताना झालं. ते परत आले तेव्हा खोलीत त्यांची बायको खाटेवर होती आणि तिचा आवाज भिंतीवर. ते दारातच थबकले. मग पुढे होऊन त्यांनी बटण बंद केलं. त्याबरोबर जनीबाई डाव्या हाताने खाटेची पाटी बडवू लागली. थांबेचना. त्यांनी बटण पुन्हा लावलं. हे मला धनेशने नंतर सांगितलं.

मग ते भिंतीवर हात फिरवत तार शोधू लागले.

"तार नाय, बाबा," धनेश म्हणाला.

"मग कुठून येतंय?"

"काकीकडनं. हवेतनं."

"माझ्या हद्दीत हाय ही भिंत."

"भिंत हाय. हवा नाय."

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. बटणाला पुन्हा हात लावला नाही.

दुपारची जेवणं झाली की मी टेप लावायची. कधी टेपऐवजी माईक जोडून मीच बोलायची. गावात कोणाचं ठरलं, कोणाला मुलगी झाली, शेवग्याला शेंगा किती आल्या. पलीकडून उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी मी विचारायची, "ऐकते का गो, जनीबाय?" मग भिंतीवर पलीकडून एक थाप पडायची. एवढ्या वर्षांत तिच्याशी एवढं बोलले नव्हते.

असे चार-पाच महिने गेले. एका दुपारी टेप चालू होती आणि माझ्या मागच्या दारात धोंडीभावोजी येऊन उभे राहिले. पायात काही नाही, हात पिठाने भरलेले, भाकऱ्या करत असावेत. मला वाटलं ती गेली.

"हौसे," ते म्हणाले, "ती गाते हाय. चल."

मी गेले. भिंत झाल्यापासून त्या खोलीत माझं पाऊल पडलं नव्हतं. खोक्यातून हळदीचा धवला चालू होता आणि खाटेवर जनीबाई त्याच्याबरोबर म्हणत होती. आवाज फाटलेला, अर्धे शब्द ओठांतून सांडणारे, पण शब्दच. टेप संपली तरी ती थांबली नाही. मला पाहिलं आणि त्याच चालीत, ओळीच्या शेवटी माझं नाव घातलं. हौसाबाय. धोंडीभावोजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. 

पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधी कधी. बोलणं जातं, गाणं मागे राहतं. साधं बोलणं जनीबाईला शेवटपर्यंत आलं नाही. पण ती चालीत मागायला शिकली. पाणी हळदीच्या चालीवर, पेज वरातीच्या. नवऱ्यावर रागावली की मांडव घालायच्या चालीवर त्याला शिव्या द्यायची, आणि आम्ही तिघं हसायचो, तीही. दीडेक वर्ष ती अशी राहिली. सत्त्याण्णवच्या माघात गेली. मी तिच्याजवळ होते.

५. धवल्यांच्या सर्व टेप, दोन्ही सागवानी खोकी, अँप्लिफायर आणि धनेशने केलेली बिनतारी जोडणी धनेशला द्यावी. टेप विकू नयेत. गावात कोणाचं लग्न असेल आणि धवलारीण मिळत नसेल, तर धनेशने त्या मांडवात नेऊन लावाव्यात. त्याचं भाडं घेऊ नये.

या कलमात आधी धोंडीभावोजींचं नाव होतं. बायकोचा आवाज नवऱ्याकडे असावा असं मला वाटलं होतं. तसं त्यांना सांगितलं, आणि त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं आहे तेही वाचून दाखवलं. तार कापल्याचं, उंबऱ्यात आडवे झाल्याचं, सगळं. मला वाटलं उठून जातील. ते बसून राहिले. मग म्हणाले, "माझं नाव काढ त्यातनं. धनेशकडं असलं म्हंजे मला ऐकाया मिळंल."

"का, भावोजी?"

"ज्याला मिळतं त्यानं साक्ष करू नये म्हनतात ना वकील? मग मला साक्षीला घे."

"तुम्हाला कशाला साक्ष करायची?"

"उद्या कोन म्हनंल, हौसानं धोंडीवर खोटं लिवलं. माझा अंगठा असंल तर कोन म्हननार नाय."

म्हणून नाव खोडलं. खोडल्या जागी माझी सही आहे.

६. मधल्या भिंतीबद्दल. ती पाडावी असं मी लिहीत नाही. गवंडी म्हणतो, आढ्याचा भार आता तिच्यावर आहे. तिच्यात दार काढायचं का, ते शिल्पा आणि धनेशने एकत्र बसून ठरवावं.

७. माझ्या दहाव्याला आणि तेराव्याला कर्कश भोंगे लावू नयेत. आयुष्यभर लावले, पुरे झाले.

वरील सर्व मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि दोघांसमोर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सही-अंगठा केला.

ठिकाण : पेण
तारीख : १२ फेब्रुवारी १९९९

(सही) हौसाबाई केरू म्हात्रे

साक्षीदार :

१. (सही) काळुराम चंदर घरत, राहणार वडखळ, निवृत्त पोस्टमन.

२. (डाव्या हाताचा अंगठा) धोंडी गोविंदा म्हात्रे, राहणार कासू. यांनी सांगितल्यावरून काळुराम घरत यांनी लिहिले : मला सगळं वाचून दाखवलं. माझ्याबद्दल लिहिलं आहे ते तसंच झालं.